टॅलो काउंटीच्या जजसाहेब

१८ मार्च १९७४, सोमवार

आज शपथ घेतली. हे वाक्य लिहून बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसले आहे.

मला भीती वाटते. ती कुठंतरी ठेवायला हवी म्हणून ही वही आणली. चर्चमध्ये सांगायची सोय नाही, तिथं कालच दीडशे माणसांचं जेवण झालं माझ्या नावानं. होझियाला सांगण्यात अर्थ नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण भीती या विषयावर माझ्या नवऱ्यानं कधी तोंड उघडलेलं नाही. तो सोफे आणि खुर्च्यांना कापड चढवतो, घरामागच्या शेडमध्ये. काम करताना तोंडात बारीक खिळे धरलेले असतात, त्यामुळे न बोलायला त्याला कायम निमित्त असतं.

माझा काळा झगा त्यानंच शिवला, सोफ्याच्या मशीनवर. खांद्याची शिवण इतकी पक्की की मी फाटेन, झगा फाटणार नाही.

टॅलो काउंटीत आजवर एकही काळा जज झाला नाही, बाई तर नाहीच. गव्हर्नरनं मेलेल्या जजच्या जागी मला का नेमलं, याची गावात सात कारणं सांगतात, त्यात माझी वीस वर्षांची वकिली एकात पण नाही.

बेलीफ मिस्टर क्रेन तीस वर्षं या कोर्टात आहे. जज आत आले की "सगळ्यांनी उभं राहा" असं पुकारायचं काम त्याचं. आज त्यानं ते खुर्चीत बसून पुकारलं. कारकून मिसेस ट्रॅमेलनं चेंबरची किल्ली माझ्यापुढं सरकवली, "ही घे लुवेनिया, हरवू नकोस." मी तिला अहोजाहो करते, ती मला अगंतुगं. वयानं ती माझ्याहून लहान आहे.

२१ मार्च, गुरुवार

आज थर्मन पिकेन्स समोर उभा राहिला. गावातला सर्वांत जुना गोरा वकील. माझी नेमणूक होऊ नये म्हणून ज्यांनी सह्या गोळा केल्या त्यात पहिली सही त्याची. तो काहीही म्हणून मला हाक मारत नव्हता, नुसता छताकडे बघून बोलत होता.

मी म्हटलं, "मिस्टर पिकेन्स, या कोर्टाला आपण काय म्हणून संबोधता?"

"आधीच्या जजना मी जजसाहेब म्हणायचो."

"मग तेच चालू ठेवा."

"साहेब?" त्यानं मागे वळून लोकांकडे पाहिलं. दोघंतिघं हसले.

"साहेब," मी म्हटलं. "सवय मोडायला नको तुमची."

मग पुढची केस पुकारायला सांगितली.

२ एप्रिल, मंगळवार

गँटची केस माझ्याकडे आली आहे.

जानेवारीत ओटिस गँटचं घर पेटवलं. तो आणि त्याची बायको ओला, जिला सगळे मिस ओला म्हणतात, आपल्या लोकांची मतदार यादीत नावं घालत हिंडायचे, एवढाच गुन्हा. मिस ओला खिडकीतून बाहेर पडली. ओटिस बूट शोधत राहिला आणि धुरानं गेला. फेब्रुवारीत शेरीफनं डॅरेल स्टोक्ली नावाच्या बावीस वर्षांच्या गोऱ्या पोराला पकडलं. त्याचा सहीनिशी कबुलीजबाब आहे. इथं असल्या गुन्ह्यात गोरा माणूस कोर्टापर्यंत येतो हीच नवलाई.

मिस ओलाला मी ओळखत नाही म्हणाले तर खोटं होईल. या गावात आपल्यातलं कोण कुणाला ओळखत नाही? पण चर्च वेगळं, नातं नाही, मैत्री नाही. मी ते भर कोर्टात सांगितलं आणि म्हटलं, कुणाची हरकत असेल तर ही केस दुसऱ्या जजकडे जाऊ दे. स्टोक्लीचा वकील पिकेन्स उठला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "आमची काही हरकत नाही, जजसाहेब."

तो गोडवा मला जेवतानाही आठवत होता. मला अडकवायला त्यानं काय मांडून ठेवलंय?

१० एप्रिल, बुधवार

एक चांगली गोष्ट लिहून ठेवते. मला वाटलं होतं धमक्या येतील. घाणेरडी पत्रं, फोन, काय काय. महिना होत आला, एकही नाही. टपालात नुसती बिलं आणि बियाण्यांची जाहिरात. लोक आपण समजतो तेवढे वाईट नसतात, किंवा मी समजते तेवढी महत्त्वाची नाही.

घरात मात्र काहीतरी बिनसलंय. होझियानं बेडरूममधला फोन काढून शेडमध्ये नेऊन बसवला. "गिऱ्हाइकांचे फोन येतात," म्हणाला. आजवर त्याची गिऱ्हाइकं दारावर येऊन हाक मारायची. टपालही आता तोच पेटीतून काढतो, मी घरी यायच्या आत. आणि पलंग खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावलाय, कपाटाचं दार धड उघडत नाही. विचारलं तर म्हणतो, "डोळ्यांवर उजेड येतो." या माणसाच्या डोळ्यांवर दुपारचं ऊन आलं तरी तो घोरतो.

बायकोला सगळे साहेब म्हणायला लागले की नवऱ्याचं काय होतं, हे मी कोर्टात वीस वर्षं पाहिलंय, घटस्फोटाच्या कज्ज्यांत.

६ मे, सोमवार

आज होझिया माझ्यावर ओरडला. बावीस वर्षांत तिसऱ्यांदा असेल.

मार्चपासून तो रोज सकाळी माझ्या आधी बाहेर जाऊन गाडी सुरू करून ठेवतो. "थंडी आहे, इंजिन गरम होऊ दे, तोवर तू कॉफी संपव." मार्चमध्ये ठीक होतं. आता सकाळी आठला ब्लाउज पाठीला चिकटतो. आज मला उशीर झाला होता म्हणून मीच किल्ली घेऊन निघाले. तो शेडमधून धावत आला, "ठेव ती किल्ली. आधी आत जा. आत जा म्हणतो ना."

मी आत गेले. त्यानं गाडी सुरू केली, जरा वेळ तशीच चालू ठेवली, मग येऊन दार उघडून धरलं, ड्रायव्हरसारखं. चेहरा राखेसारखा होता. मी त्याच्याशी न बोलता निघून गेले.

घरातली एवढी एक सत्ता तरी त्याला हवी असेल, गाडीच्या किल्लीची. दुपारभर मला वाईट वाटत होतं, त्याच्याबद्दल की माझ्याबद्दल ते कळलं नाही.

१४ मे, मंगळवार

शेडमध्ये फोन वाजतो, तो उचलतो, ऐकतो, काही न बोलता ठेवून देतो. मी अंगणात कपडे वाळत घालताना हे तीनदा पाहिलं.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

"तिन्ही?"

"लोकांना आकडे कळत नाहीत, वीनी."

मी एक नाव मनात आणलं, बाईचं. मग लाज वाटली. मग पुन्हा आणलं.

२९ मे, बुधवार

पिकेन्सनं काय मांडून ठेवलं होतं ते आज कळलं. कबुलीजबाब पुराव्यातून काढून टाका, असा त्याचा अर्ज. स्टोक्लीला शेरीफच्या माणसांनी दोन दिवस कोंडून ठेवलं, झोपू दिलं नाही, त्यानं वकील मागितला तर दिला नाही.

पिकेन्सनं डेप्युटीची उलटतपासणी घेतली.

"त्यानं वकील मागितला होता?"

"मागितला असेल."

"किती वेळा?"

"मोजलं नाही मी."

"एकापेक्षा जास्त?"

डेप्युटी हसला. "रेकॉर्ड अडकल्यासारखं तेच तेच चाललं होतं त्याचं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आधी सही कर, मग वकील. अटलांटाचे पेपरवाले बाहेर उभे होते, साहेब. आम्हाला काहीतरी दाखवायला हवं होतं."

कोर्ट भरलेलं होतं. उजवीकडे गोरे, डावीकडे आपले, कुणी सांगितलं नसताना. डावीकडे पहिल्या बाकावर मिस ओला, राखाडी टोपी घालून. तिचे डोळे माझ्यावर होते, जणू ती नजर म्हणजे दोरी, आणि सोडली तर मी पडेन.

सरकारी वकील फॅरिस अजून तिशीचाही नाही. तो चेंबरच्या दारात म्हणाला, "जजसाहेब, माझ्याकडे दुसरं काहीच नाही. कबुलीजबाब गेला तर केस गेली."

"मिस्टर फॅरिस, हे तुम्ही मला एकटीला सांगायचं नाही. पिकेन्स असताना सांगा."

तो लाल झाला आणि गेला. मी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसले.

निकाल बुधवारी द्यायचा आहे.

३ जून, सोमवार

हे सकाळी स्वयंपाकघरात लिहिते आहे. होझिया बाहेर गाडी तापवतोय. सकाळीच नव्वद फॅरनहाइट आहे.

१९५७ साली माझ्याकडे वेल्डन प्राइसची केस होती. एकोणीस वर्षांचा काळा पोरगा, खालचा ओठ फाटलेला, हाताची दोन बोटं सुजलेली, त्याच बोटांनी केलेली सही. मी याच कोर्टात उभी राहून म्हटलं, ही सही मारून घेतली आहे. जजनं घड्याळाकडे बघितलं. "झालं का तुझं, पोरी?" कबुलीजबाब वाचला गेला. वेल्डन सात वर्षांनी कैद्यांच्या छावणीत वारला. त्याच्या आईनं मला कधी दोष दिला नाही, तो दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

आठ वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिला. माणसानं वकील मागितला की प्रश्न थांबवायचे. आज तो नियम माझ्या हातात आहे, आणि माझ्यासमोर वेल्डन नाही, ओटिसला जाळणारा आहे. बहुतेक. बहुतेक जाळणारा.

स्टोक्लीवर कुणी हात टाकला नव्हता, नुसतं जागवलं. फरक आहे. मी फरक शोधत बसले आहे हे मला दिसतंय.

पिकेन्सचा डावही आता दिसतो. मी अर्ज फेटाळला तर तो वरच्या कोर्टात जाऊन म्हणेल, काळी जज, काळा मयत, बघा कायदा कसा वाकवला. मंजूर केला तर पोरगा सुटेल. त्याची दोन्हीकडून जीत.

पण हे कारण होऊ शकत नाही. पिकेन्सला काय हवंय यावरून कायदा ठरत नसतो.

५ जून, बुधवार

अर्ज मंजूर केला. कबुलीजबाब बाहेर.

मी निकाल वाचला, अकरा मिनिटं लागली. "आधी सही, मग वकील" या डेप्युटीच्या शब्दांवर तो उभा आहे. वाचून झाल्यावर उजव्या बाजूनं कुणीतरी शीळ घातली. डावीकडचे आपले लोक एकेक करून उठले आणि बाहेर गेले, बूट न वाजवता, मयताला येऊन गेल्यासारखे. मिस ओला शेवटी उठली. तिच्या नजरेत राग असता तर मी तो झेलला असता. ती मला ओळखत नसल्यासारखी बघत होती.

पिकेन्स म्हणाला, "आभारी आहे, जजसाहेब." यावेळी त्यात चेष्टा नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

फॅरिस कागद गोळा करत होता. मी म्हटलं, "सरकार पक्षाला सहा आठवडे देते. पुरावा असेल तर शोधा."

"कुठं शोधू?"

"ते फेब्रुवारीतच शोधायला हवं होतं, मिस्टर फॅरिस."

९ जून, रविवार

चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. पुढचा बाक रिकामा, मागचाही. प्रवचन काय झालं आठवत नाही.

पायऱ्यांवर इस्टरमावशी लॉकेट उभ्या होत्या. माझ्या जेवणाचा सगळा घाट त्यांनी घातला होता.

"दीडशे माणसांच्या कोंबड्या तळल्या आम्ही, लुवेनिया," त्या म्हणाल्या. "बोटं भाजली माझी. कशाला? तू त्यांचा पोरगा सोडवावास म्हणून?"

केस चालू आहे. मला एक शब्द बोलता येत नाही. मी नुसती उभी राहिले.

"तोंड नाही तुला?"

होझिया मध्ये आला. "मावशी, तिला बोलायची परवानगी नाही. मला आहे. कोंबडी आतून कच्ची होती."

इस्टरमावशींचे डोळे भरून आले आणि त्या वळून गेल्या. गाडीत मी होझियाला म्हटलं, "असं कशाला बोललास?" तो म्हणाला, "दुसरं काही सुचलं नाही." मी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या हातावर हात ठेवला. हात थंडगार होता, एवढ्या उकाड्यात.

१३ जून, गुरुवार

अक्षर नीट येत नाही.

आज कोर्ट लवकर उठलं. चार वाजता सिंकपाशी शेंगा मोडत होते. फट्ट आवाज झाला. मला वाटलं बरणी फुटली. मग केसांत खिडकीच्या काचा आहेत असं कळलं, आणि समोरच्या कपाटाच्या फळीत एक भोक. मी खाली बसले. खाली बसायचं हे शरीराला माहीत होतं, मला नव्हतं.

होझिया शेडमधून धावत आला. हातात हातोडी, तोंडात खिळे. त्याला हाक मारता येत नव्हती, घशातून नुसता घोगरा आवाज येत होता. त्यानं खिळे थुंकले, ओठ रक्तानं भरला होता, आणि माझ्या अंगावर आडवा पडला. रस्त्यावर एक गाडी शांतपणे निघून गेली. पळतसुद्धा नव्हती.

राज्य पोलिसांचा तपासनीस आला. त्यानं विचारलं, "याआधी काही धमक्या?"

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

होझिया उठला, शेडमध्ये गेला आणि बुटांचा खोका घेऊन आला. दोरीनं बांधलेला. झाकण बसत नव्हतं, इतका भरलेला.

त्रेसष्ट पत्रं. पहिलं १९ मार्चचं.

तपासनीस एकेक वाचत होता आणि मी होझियाकडे बघत होते. फोन. पलंग. टपाल.

"गाडी? बॉम्ब असेल म्हणून?" मी विचारलं.

"हं."

"रोज?"

"रविवारी पण. चर्चला जायचं असतं ना."

"आणि मी आत कॉफी पीत बसायची."

"स्वयंपाकघर लांब आहे तसं. मी पावलं मोजली होती."

मी म्हटलं, मला वाटलं तुझं दुसरं कुणी आहे. मला वाटलं तुला माझं हे पद सोसत नाही. त्यानं ओठावरचं रक्त पुसलं. "ते वाटत होतं तेच बरं होतं. रागावलेली असलीस की नीट जेवतेस. घाबरलीस की जेवत नाहीस."

खोक्यात वरची काही पाकिटं नवी होती, ५ जूननंतरची. त्यातल्या एकावरचं गोल गोल अक्षर मला ओळखीचं वाटलं. त्याच अक्षरात माझ्याकडे इस्टरमावशींच्या पीचच्या मिठाईची कृती आहे. मी हात पुढं केला तर होझियानं पाकीट उलटं ठेवलं.

"त्यात धमकी नाही," तो म्हणाला. "पण वाचू नकोस."

"कुणाचं आहे मला कळलं."

"म्हणूनच म्हणतो."

नाही वाचलं. गोऱ्यांची बासष्ट वाचून मी ओकले, आणि हे एक न वाचता रडले.

१६ जून, रविवार

चर्चला गेलो नाही. जेवणानंतर टाइपरायटरवर राजीनामा लिहिला. दोनच ओळी झाल्या. मला वाटलं होतं कारणं लिहायला पान लागेल.

होझियाला दाखवला. त्यानं वाचला, घडी घालून परत दिला.

"काहीतरी बोल," मी म्हटलं.

"मी काय बोलू? गोळी वरून गेली म्हणून वाचलीस. वाचलीस एवढंच मला पुरतं."

"म्हणजे देऊ?"

"मला विचारशील तर तुला मी शेडमध्ये कोंडून ठेवीन आणि जेवण दारातून देईन. म्हणून मला विचारू नकोस."

१७ जून, सोमवार

राजीनामा पर्समध्ये घेऊन गेले. आज गाडी सुरू होताना दोघंही बाहेर होतो. तो आत जा म्हणाला, मी नाही गेले. त्याला फार राग आला. उद्यापासून आत थांबेन असं कबूल करून घेतलं त्यानं.

मिस्टर क्रेन चेंबरपाशी वाट बघत होता. "गोळी डोक्यावरून गेली की खालून?"

"वरून."

"किती वरून?"

मी हातानं दाखवलं. तो शिकारी आहे, त्यानं मान हलवली. "घाबरवायला होती मग." मग म्हणाला, "माझा भाऊ त्या लोकांत उठतो-बसतो. काल त्याला सांगून आलो, माझ्या कोर्टात असलं चालणार नाही."

"गोळी माझ्या घरावर झाडली, मिस्टर क्रेन."

"तेही सांगितलं."

मी आभार मानले. मग आत बसून विचार केला, कुणी झाडली हे या माणसाला ठाऊक आहे, आणि माझ्या दाराशी रोज बंदूक कमरेला लावून तोच उभा असतो. मिस्टर क्रेन काय म्हणाला ते तपासनीसाला फोन करून सांगितलं. सांगताना दार लावलं होतं.

दहा वाजता मी कोर्टात शिरले. क्रेन उभा राहिला आणि त्यानं "सगळ्यांनी उभं राहा" म्हटलं.

राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

१७ जुलै, बुधवार

खटल्याचा तिसरा दिवस. ज्यूरीत नऊ गोरे, तीन काळे.

फॅरिसनं शोधलं. सहा आठवडे तो गावातल्या प्रत्येक दारावर गेला असणार, त्याचे बूट बघितले की कळतं. आज त्यानं नॉर्मा टीग नावाच्या गोऱ्या बाईला उभं केलं. काउंटीच्या हद्दीवर तिचा पेट्रोलपंप आहे. शेरीफच्या माणसांनी तिला कधी काही विचारलंच नव्हतं. कबुलीजबाब मिळाल्यावर कशाला विचारतील?

तिनं सांगितलं, त्या दिवशी संध्याकाळी डॅरेल स्टोक्ली रॉकेलचे दोन डबे भरून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा भुवया जळलेल्या होत्या. "मी विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला, म्हातारा बाहेर येईल असं वाटलं होतं."



पिकेन्स उठला. "मिसेस टीग, सहा महिने गप्प का होतात?"

तिनं पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "कारण मला तिथंच राहायचंय," ती म्हणाली. "आजसुद्धा तिथंच परत जायचंय."

तिची भीती मला ओळखता आली. शेजारी राहणाऱ्या माणसाची ओळखता येते तशी. मी दहा मिनिटांची सुट्टी दिली, तिच्यासाठी म्हणून. चेंबरमध्ये जाऊन मीच भिंतीला टेकून उभी राहिले.

१९ जुलै, शुक्रवार

ज्यूरी काल दुपारी आत गेली, आज तीनला बाहेर आली. जाळपोळ, दोषी. खून नाही, मनुष्यवध, दोषी.

शिक्षा सुनावण्याआधी मिस ओलाला बोलायचं आहे का, विचारलं. ती उभी राहिली. माझ्याकडे न बघता ज्यूरीच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून बोलली.

"ओटिस बूट शोधत होता. मी म्हटलं, राहू दे बूट. तो म्हणाला, बाहेर गारठा आहे, ओला. मला एवढंच सांगायचंय."

स्टोक्लीनं मान खाली घातली. मी त्याला पंधरा वर्षं दिली, कायद्यानं वीसपर्यंत देता येत होती. वीस देताना मला जो आनंद झाला असता, त्याची मला भीती वाटली.

यातही मी चुकले असेन.

२२ फेब्रुवारी १९७५, शनिवार

बरेच महिने वही उघडली नाही. पत्रं अजून येतात, आठवड्याला एखादं. आता ती आम्ही दोघं मिळून उघडतो. गोळी झाडणारा सापडला नाही. क्रेनच्या भावाला बोलावून विचारलं आणि सोडून दिलं.

गुरुवारी वरच्या कोर्टाचा निकाल आला. पिकेन्सनं अपिलात अकरा मुद्दे मांडले होते, एकही टिकला नाही. शिक्षा कायम. निकालात एक वाक्य आहे की कबुलीजबाब वापरला असता तर खटला रद्द करावा लागला असता. ते मी तीनदा वाचलं.

केस संपली, म्हणजे आता बोलता येतं. आज दुपारी मिस ओलाकडे गेले. तिचं नवं घर जुन्याच जागेवर उभं आहे, दोन खोल्या, दाराला अजून रंग नाही. ती पायरीवर बसून कोलार्डच्या पालेभाजीची पानं निवडत होती.

"फॅरिस येऊन गेला," ती म्हणाली. "सगळं समजावून सांगितलं त्यानं. तू तो कबुलीचा कागद वाचू दिला असतास तर वरच्यांनी पोराला सोडला असता. दोनदा सांगितलं."

"हो."

"डोक्याला कळलं माझ्या." तिनं एक पान उलटून किडा काढून टाकला. "त्या दिवशी कोर्टातून चालत घरी आले ना मी, वाटेत मला वाटलं, ओटिसला पुन्हा जाळला, आणि ह्यावेळी आपल्याच बाईनं. ते अजून निघत नाही. तू आलीस म्हणून निघेल असं समजू नकोस."

"मी त्यासाठी नाही आले."

"मग कशासाठी आलीस?"

तिनं पानांची परात जरा सरकवली. "आत ये म्हणणार नाही आज. बस इथं."

बसले. अर्ध्या परातीची पानं मी निवडली. तिनं विचारलं, "घाबरली होतीस का गं, तो निकाल वाचताना?"

"अजून घाबरते."

"हं," ती म्हणाली.

ऊन उतरायला लागलं तसं मी उठले. ती फाटकापर्यंत आली. तेवढ्यात वळणावरून एक मोठा ट्रक आला, आणि आमच्यापाशी येता येता हळू झाला. आत दोन गोरी माणसं, काच खाली. मिस ओलानं माझा दंड धरला, इतक्या जोरानं की नखं रुतली, आणि ती अर्धं पाऊल माझ्या पुढं आली.

ट्रक थांबला. चालवणाऱ्यानं डोकं बाहेर काढलं. "गुरांच्या पेंडीचं दुकान कुठंशी आहे, बाई?"

मिस ओलानं त्याला रस्ता सांगितला, पुलापर्यंत सरळ, मग डावीकडे. आवाज अगदी स्थिर होता. त्यानं टोपीला बोट लावलं आणि ट्रक गेला.

आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. धूळ बसली, पुलाकडचा आवाजही थांबला. तिनं हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.